थोरलीचं मनपरिवर्तन

हेमलताबाईंनी आवाज कापरा करून आपल्या नव्या कथेतलं शेवटचं वाक्य वाचलं, ‘‘आणि डोळ्यांतलं पाणी न पुसताच थोरल्या राणीने सिंहासन धाकटीला परत दिलं.’’ वाचनालयात जमलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या अक्का, म्हणजे हेमलताबाईंच्या सख्ख्या थोरल्या भगिनी, मात्र हाताची घडी घालून बसल्या होत्या.

‘‘हेमे, एक विचारू?’’ अक्का म्हणाल्या. ‘‘गेल्या महिन्यातल्या तुझ्या कथेत दोन कोळिणी होडीवरून भांडल्या. त्याआधी दोघी जावा म्हशीवरून. दर वेळी थोरलीच लबाड, आणि शेवटी तीच रडत येऊन वस्तू परत करते. तुला माझ्याकडचं आईचं पुरणयंत्र हवंय ना?’’

सगळ्या बायका हेमलताबाईंकडे नाही, तर अक्कांकडे बघू लागल्या.

‘‘कथा काल्पनिक असते, अक्का,’’ हेमलताबाई पुटपुटल्या. वीस वर्षं तोंडाने न मागितलेली वस्तू एवढ्या राण्या आणि कोळिणी पुढे करूनही लपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का दारात हजर. हातात पितळी पुरणयंत्र आणि डोळे ठणठणीत कोरडे. हेमलताबाईंनी यंत्र छातीशी धरलं, डोळे टिपले, मग ते उलटंपालटं करून पाहिलं.

‘‘अक्का, याचा दांडा कुठंय? फिरवू कशाने?’’

‘‘तो माझ्याकडेच ठेवलाय,’’ जिना उतरता उतरता अक्का म्हणाल्या. ‘‘सगळंच दिलं तर पुढची कथा कशावर लिहिशील?’’