गरब्याचे फोटो

नवरात्र सरलं नव्हतं, तोच शलाकाच्या मोबाईलवर तिचेच फोटो येऊन आदळले. चणियाचोळीतले, गरब्यात गिरकी घेतानाचे. खाली लिहिलेलं, "ब्लॉक करून काय मिळालं?" रणवीरच तो, नव्या नंबरावरून. त्याने तिचा जुना फोटो चेहऱ्यावरून फोटो शोधून देणाऱ्या गरब्याच्या ॲपमध्ये टाकला होता आणि ॲपने अख्ख्या मैदानातून तिला हुडकून त्याच्या हातात दिलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती रावपुऱ्यात, आयोजकांच्या ऑफिसात घुसली.

"माझे फोटो आत्ताच्या आत्ता डिलीट करा. तो माणूस कॉलेजपासून माझ्या मागे लागलाय!"

"करतो ने बेन, तापता कशाला?" आयोजकांपैकी लक्ष्मणभाईंनी टॅबलेट पुढे सरकवला. "फक्त ह्यात बघा, चेहरा स्कॅन होऊ दे. आणि आधार नंबर टाका. तुम्ही तुम्हीच आहात, हे कळायला हवं ना?"

"आणि त्या हरामखोराला विचारलंत का, तू कोण म्हणून?"

"बघायला काहीच नाही लागत, बेन," लक्ष्मणभाई समजुतीच्या सुरात म्हणाले. "फक्त डिलीट करायला लागतं."