चित्रातला हात

सिमेंटच्या उंच टाकीच्या माथ्यावर दोर बांधून झाले होते. खाली, टाकीच्या अंगाला लटकणाऱ्या फळीवर रंगारी बसला होता. घोटा मोडलेला, पण शुद्धीत, आणि भलताच बोलका.

"घाई करू नका," तो खालून ओरडला. "मी कुठं जात नाही."

सगळे हसले. मामाही हसले. मामा म्हणजे बचाव पथकाचे प्रमुख. दोरावर लोंबकळायला सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं, आणि सख्ख्या भाचीला तर जरा जास्तच कडक. पथकात तिला ठिणगी म्हणत. का, ते कुणाला विचारावं लागत नसे.

कठडा ओलांडायच्या आधी दुसऱ्यानं अंगावरची एकेक वस्तू हात लावून, तिचं नाव घेऊन तपासायची, हा मामांचाच नियम. पण खुद्द मामांना कोण तपासणार? त्यांच्या पाठीवर एक थाप मारायची की झालं, अशी वहिवाट पडली होती. आज थापेची पाळी ठिणगीची होती.

तिनं थाप मारली नाही.

"मांडीचे पट्टे," ती ओढून बघत म्हणाली. "ठीक. छातीची कडी. ठीक."

"अगं, नवरदेव नटवतेस का?" मामा म्हणाले. "तो बिचारा खाली वाळतोय."

"डिसेंडर." तिचा हात थांबला.

दोर धरत-सोडत माणसाला खाली नेणारं ते मुठीएवढं यंत्र मामांच्या पोटाशी लटकत होतं. त्याच्या पत्र्यावर हाताचं बारीक चित्र कोरलेलं असतं. चित्र ज्या बाजूला, त्याच बाजूनं हातात धरायचा दोर बाहेर यायला हवा. इथं तो दुसरीकडून आला होता. असा भरलेला दोर यंत्र धरून ठेवत नाही, नुसता सरकू देतं.

"उलटा भरलाय."

मामांनी यंत्राकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मोठ्यानं हसले. "तुला सापडतंय का तेच बघत होतो. शाबास."

पथकाची गाडी चालवणाऱ्या जाड्याचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलंच. आणि मागचा जादा दोर होताच की सांभाळायला."

"मागचा दोर माणूस पडल्यावर कामाला येतो," ती फाडकन म्हणाली. पुढचं बरंच जिभेवर आलं होतं, ते गिळलं. यंत्रातला दोर काढून, पट्ट्यावरून सोडवून तिनं ते मामांच्या तळहातावर ठेवलं.

"मामा, चित्रातला हात कुठल्या बाजूला आहे?"

मामांनी यंत्र डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. उन्हात तिरपं केलं. अंगठा पत्र्यावरून फिरवला, पण कोरीव काम इतकं उथळ की बोटालाही लागेना.

"रागावणार आहेस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. घरी गेल्यावर."

मामांनी कमरेचा पट्टा सोडला. "उतर तू."

तिनं स्वतःचा पट्टा चढवला, दोर भरला. मामा समोर येऊन उभे राहिले. मांडीचे पट्टे, छातीची कडी, हेल्मेटचा बंद. प्रत्येकाला हात, प्रत्येकाचं नाव. बंद किंचित सैल होता, तो त्यांनी तिच्याकडे न बघताच आवळला. मग बोटं डिसेंडरवर आली आणि तिथंच राहिली.

खाली रंगाऱ्यानं कुठलंतरी गाणं सुरू केलं होतं. सूर काही जमत नव्हता.

मामांनी मान वळवली. "जाड्या, इकडे ये," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "मला दिसत नाहीये. हात कुठल्या बाजूला आहे, सांग."