तिरस्काराची उजळणी

"म्हण ना जोरात. आय हेट माय मदर-इन-लॉ!"

"अहो आई, हळू! लोक बघतायत."

"बघू देत. पास तुला व्हायचंय की लोकांना?"

इंग्रजीची तोंडी परीक्षा आत चालली होती आणि बाहेर बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सून नर्स. तिसरा प्रयत्न, तोही शेवटचा. आज घोडं अडलं की मोठ्या इस्पितळातली जागा गेलीच. दोन्ही वेळा ती एकाच ठिकाणी आपटली होती. नावडीचे एवढे शब्द, आणि हिच्याकडे सगळ्यांना अर्थ एकच: राग. सासूबाईंनी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी ठरवलं, शब्द घरातल्याच खुंटीला टांगायचे. खुंटी त्या स्वतः.

"माझी कवळी ग्लासात तरंगताना दिसली की काय होतं तुला?"

"शिसारी येते."

"त्याला म्हणायचं लोद! आणि तू रात्रपाळी करून झोपलीस की मी मिक्सर लावते, तेव्हा?"

"तेव्हा तर तुम्ही डोळ्यांसमोरच नको असता!"

"डिटेस्ट! शाब्बास!"

सासूबाईंना आता रंग चढला होता. शेजारचे उमेदवारही सरकत सरकत जवळ आले होते.

"राहिला डिस्पाइज," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुच्छ लेखणं. हा तुझा नाही, माझा. लग्न ठरत होतं तेव्हा मी म्हणाले होते, लोकांची बेडपॅन उचलणारी सून मला नको."

सून बघतच राहिली. ते बोलणं आपल्या कानावर आलंय, याचा तिने आठ वर्षं पत्ता लागू दिला नव्हता.

तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला.

सासूबाईंनी दारासमोर किती येरझाऱ्या घातल्या, देव जाणे. दार उघडलं आणि सून धावतच बाहेर आली.

"पास! आई, पास! आणि डिस्पाइजच आला हो!"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "सांगितलंस?"

"बेडपॅनसकट. परीक्षक म्हणाले, अशा बाईबरोबर राहता कशा?"

"मग?"

"म्हटलं, मला इंग्रजी त्याच शिकवतात. बाहेर बसल्यात, माझ्यापेक्षा जास्त घाबरून."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. मग भिंतीशी पुस्तक छातीला धरून उभ्या असलेल्या पुढच्या मुलीला त्यांनी हाताला धरून बाकावर बसवलं.

"सासू आहे का गं तुला?"

मुलीने घाबरत नाही म्हणून मान हलवली.

"असू दे. आजच्यापुरती मला घे."