एक शब्दही नाही

शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या आणि पावसाने होता नव्हता तेवढा सगळा जोर लावला. पोरगी खाली शर्यतीच्या गाडीत, दुसऱ्या नंबरावर. बाप गॅरेजच्या छतावर, नखशिखांत भिजलेला. छत्री शेजारी उभ्या टीमच्या मॅनेजरच्या डोक्यावर होती, आणि ती जराशी इकडे कलती करावी एवढं भान त्या गृहस्थाला नव्हतं.

"तुम्हा दोघांत जो पुढे येईल, त्याला पुढच्या वर्षीची गाडी," असं मॅनेजरने सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. दोघांतली एक ती. दुसरा तिच्याच टीमचा दाढीवाला, जो आत्ता तिच्यापुढे जेमतेम दोन गाड्यांच्या लांबीवर, पहिल्या नंबरावर पळत होता.

बापाच्या मुठीत वायरलेस होता. गाडीत बसता बसता पोरीने बजावलं होतं, "बाबा, पाऊस आला तर एक शब्दही बोलायचं नाही. मला इंजिन ऐकायचंय." वायरलेस जुन्या घडणीचा, एकाने बटण दाबलं की दुसऱ्याने नुसतं ऐकून घ्यायचं. बापाने स्वतः वीस वर्षं गाड्या पळवलेल्या, त्यामुळे गप्प बसणं ही त्याला शिक्षाच होती. तरी त्याने कबूल केलं होतं, आणि तो शब्दाला जागतही होता. पोरीशी तो अवाक्षर बोलत नव्हता. स्वतःशी किती बोलत होता, ते वेगळं.

"हळू... अगं बाई, हळू. गेली! नाही, सावरली. शाब्बास! या दाढीवाल्याला रस्ता काय आंदण दिलाय? सरक की बाजूला, ठोंब्या!"

खाली तिच्या गाडीची मागची चाकं घसरली होती आणि तिने स्टिअरिंग उलट्या दिशेला अलगद वळवून ती परत जागेवर आणली होती. इतकं अलगद, की बापाच्या अंगावर काटा आला. हे त्याला तिच्या वयात जमलं नव्हतं. खरं तर नंतरही जमलं नव्हतं.

"अहो," मॅनेजर म्हणाला, "तुमचा तो अंगठा..."

"गप्प बसा हो! शेवटची फेरी आहे."

मागच्या सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्या सुसाट निघाल्या. दाढीवाल्याच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याची भिंतच्या भिंत मागे उभी राहत होती, आणि पोरगी त्या भिंतीच्या आत होती. छतावरून सगळं दिसत होतं: ती भिंत, पुढचं शेवटचं वळण, ब्रेकची खूण सांगणारी पिवळी पाटी. गाडीतून यातलं काय दिसत असेल, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. काहीच नाही.

दाढीवाला सवयीने आतल्या अंगाला गेला. तिथे टायरचं रबर घासून घासून डांबरावर बसलेलं. कोरड्यात ते पकड देतं, पावसात त्याचा साबण होतो. पोरगी बाहेर सरकली, लांबच्या पण खरखरीत डांबरावर.

"बाहेरून! बाहेरूनच!" तो पुटपुटला. "अजून नाही... अजून नाही... अजून..."

आणि त्याचा श्वास छातीत अडकला. उजवा पाय छतावर करकचून दाबला गेला.

त्याच क्षणी खाली पोरीच्या गाडीचं नाक ब्रेकने झुकलं. दाढीवाल्याची गाडी आतून घसरत वळणाची वाट सोडून गेली. पोरीची गाडी बाहेरून वळण घेऊन सरळ झाली, आणि पाणी उडवत त्याच्या पुढून निघाली. निशाण पडलं तेव्हा ती अर्धी गाडी पुढे होती.

मॅनेजरने छत्री फेकून दिली. बापाने दोन्ही हात वर केले, आणि मूठ सैल पडल्याबरोबर वायरलेस खरखरला.

"बाबा! सोडलंत का एकदाचं ते बटण? दोन फेऱ्या दाबून धरलंय तुम्ही! मला तोंड उघडायची सोय नाही!"

त्याने अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा पांढराफटक पडला होता, आणि त्यावर बटणाचा खड्डा उमटला होता. जिंकल्याचा आनंद झर्रकन उतरला. त्याने घाईघाईने बटण दाबलं.

"म्हणजे... ऐकलंस सगळं?"

"सगळं. ठोंब्यासकट."

"चुकलो गं. कबूल केलं होतं मी."

पलीकडून आधी इंजिनाची घरघर आली, मग तिचा आवाज.

"बाबा, शेवटच्या वळणाला मला काही दिसत नव्हतं. पाटी नाही, रस्ता नाही, काही नाही. तुम्ही गप्प झालात, आणि मी ब्रेक दाबला."

बापाने उत्तर द्यायला बटण दाबलं. तोंड उघडलं. आयुष्यभर बडबड केलेल्या माणसाला एक शब्द फुटेना. पावसात तो नुसताच उभा राहिला, वायरलेस ओठांशी धरून, मोठमोठे श्वास घेत. मग त्याने बटण सोडलं.

"ऐकलं," ती म्हणाली.