दारातला वारसा

थोरल्याच्या दुकानाच्या ऐन दारात बिडाची जुनी टपालपेटी उभी होती आणि ती त्याच्या डोळ्यांत खुपत होती. टपालखात्यातून पाहणीला आलेल्या साहेबांना तो म्हणाला, "उपटून न्या हे धूड! गिऱ्हाईक अडखळतं."

शेजारच्या दुकानातून धाकटा भाऊ ओरडला, "हात लावायचा नाही! जुना वारसा आहे तो!"

"साहेब, त्याला सांगा, वारशातलं बाकी सगळं त्यानेच गिळलंय. ही धोंड तेवढी माझ्या गळ्यात मारली." वाटणी झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

साहेबांनी पेटीच्या नक्षीवरून हळूच हात फिरवला. "काम अस्सल आहे. पण वापरात असेल तरच रस्त्यावर ठेवतो. नसेल तर उद्याच संग्रहालयात."

थोरल्याची कळी खुलली. "मग न्याच! पत्रं टाकतंय कोण हल्ली?"

तेवढ्यात टपाल काढायला आलेला पोस्टमन पेटी उघडत म्हणाला, "रोज दोन कार्डं निघतात, साहेब. एक यांचं धाकट्याला, एक धाकट्याचं यांना. दोन्हींत नुसत्या शिव्या. तिसरं कुणाचंच नसतं."

साहेबांना हसू आवरेना. "म्हणजे तुम्ही दोघं तोंडाने बोलायला लागलात, की पेटी गेलीच म्हणायची!"

थोरल्याने पेटीकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. धाकटाही वाट बघत उंबऱ्यात थांबला होता.

थोरला तरातरा आत गेला, एक कार्ड खरडून आणलं आणि पेटीत कोंबलं.

"साहेब, त्याला सांगा, वारसा जपायला मलाही येतं."