खिळ्यापुरती जागा

प्रिंटरमधून पहिलं पान बाहेर पडलं आणि अमरसिंहनं ते गरम असतानाच उचललं.

"नंदिनी मॅडम, मशिनचा फोटो कुठाय?"

"आतल्या पानावर."

"आन् कंपनीचं नाव?"

"तेही आतच."

पानावर तीनच वाक्यं होती, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. पाला अडकला? हात घालू नका. आधी मोटर बंद करा. वर मधोमध चार बोटं जागा कोरी सोडलेली, आणि तिच्यात एक बारीक वर्तुळ.

"हे भोक कसलं काढलंय?"

"खिळ्याचं."

अमरसिंहच्या शिरोलीतल्या या कारखान्यात गुऱ्हाळाचे घाणे तयार होतात. घाणा कसा चालवायचा, अडकला तर कसा सोडवायचा, त्याच्या पुस्तिका नंदिनी लिहिते. हंगाम आठ दिवसांवर आला होता आणि चार वाजता पुस्तिका छापखान्यात जायच्या होत्या.

"मी बारा गुऱ्हाळं फिरले, साहेब. बाराही ठिकाणी पुस्तिका घाण्याशेजारच्या मेढीला, खिळ्यावर. ती कुणी चाळत नाही. वरचं पान दिसतं, तेवढंच."

"चाळत न्हाईत म्हंजे? पैलं पान उलटायला काय कष्ट पडत्यात?"

नंदिनीनं टेबलावरची जुनी पुस्तिका त्याच्यापुढं सरकवली. दाराजवळच्या बाकावर बसलेल्या पिराजीनं ती सकाळी आणली होती. वडगावजवळच्या गुऱ्हाळात तो घाण्यात ऊस घालतो. बेअरिंगचा नंबर पुस्तिकेत असेल म्हणून तिथल्या मालकानं त्याला पाठवलं होतं. कव्हरवर कंपनीचं नाव होतं आणि नावाच्या बरोब्बर मधून खिळा गेला होता.

"धोक्याची सूचना अकराव्या पानावर आहे. काढून दाखवा."

अमरसिंहनं नखानं पान सोडवायला घेतलं. रसानं आणि पाकानं सगळी पानं एक झाली होती, वडीसारखी. त्यानं जोर लावला तसं कव्हर टरकलं. आत अकरावं पान नव्हतंच. नुसता एक तपकिरी ठोकळा होता.

त्यानं हात रुमालाला पुसले.

"ते ऱ्हाऊ दे. पुण्याच्या लोकांनी स्टाइलशीट करून दिलीय. कुठलं काय कुठं छापायचं, सगळं ठरलेलं हाय. तिला हात लावायला कुणी सांगितलं तुमाला?"

"लावलाच नाही."

हे खरं होतं. पुस्तिकांचा मजकूर नुसत्या खुणा लावून ठेवलेला असतो: हे शीर्षक, ही कृती, हा धोका. कुठली खूण कुठल्या पानावर, केवढ्या अक्षरात उतरायची, ते स्टाइलशीट ठरवते. पुण्याची फाईल होती तशीच होती. नंदिनीनं वेगळी छोटी फाईल केली होती. पहिल्या ओळीत पुण्याची फाईल बोलावलेली, खाली तिचे स्वतःचे चार नियम. जात्यावर बसलेली बाई ओवीची पहिली ओळ सगळ्यांची घेते आणि दुसरी आपल्या पोटातली जोडते, तसं. आणि दोन्ही फाईलींचं जिथं पटत नाही, तिथं नंदिनीचं चालतं.

अमरसिंह बाकाकडं वळला. "पावणं, तुमीच सांगा. घरच्या लग्नाची पत्रिका काढली तर वर नाव नको व्हय? कंपनीचं नाव पैल्या पानावर नको?"

पिराजी उठून टेबलापाशी आला. टरकलेली पुस्तिका त्यानं उजव्या हातात घेतली, अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत. मधे काही नव्हतं.

"नाव हाय की, सायेब. घाण्याच्या अंगावरच वतलंय, बिडात. चांगलं ईतभर हाय." त्यानं पुस्तिका उलटीपालटी केली. "हात आत चालला तवा म्होरं त्येच दिसत हुतं."

बाहेर लेथ फिरत होता.

"ते काय न्हाय," अमरसिंह म्हणाला. त्याचा आवाज मघापेक्षा मोठा होता. "डीलर लोकांस्नी काय दाखवू मी? ते पान काढा. आदी होतं तसं करा."

नंदिनीनं कीबोर्ड फिरवून त्याच्याकडं केला.

"माझ्या हातानं नाही होणार. माझी फाईल जोडणारी एकच ओळ आहे, ही निळी. ही पुसा. मराठी, कन्नड, इंग्रजी, सत्तावीस मशिनांच्या पुस्तिकांतनं ते पान एका दमात जाईल. फक्त तुम्ही पुसायचं. मी इथं उभी राहून बघते."

"सोमवारपासनं यायचं न्हाय मग."

"नाही येत. आज शुक्रवार आहे."

अमरसिंहनं पान टेबलावर आदळलं. ते घसरून खाली गेलं. पिराजीनं वाकून ते उचललं, मांडीवर सपाट केलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून बाकावर ठेवलं आणि पानाचं वर्तुळ खिळ्यावर दाबलं. खिळा नेमका बसला. मग तो एकेक पाऊल मागं गेला, मोजत असल्यासारखा, थेट दारापर्यंत.

अमरसिंहनं खुर्ची ओढली. निळी ओळ निवडली. बोट डिलीटच्या कळेवर टेकवलं.

दारातून पिराजी वाचू लागला. शाळा चौथीतच सुटलेली. एकेका अक्षराला धरून, पण मोठ्यानं.

"हात... घालू... नका."

बोट कळेवर होतं. दाबलेलं नव्हतं.

"हितनं सुदीक दिसतंय की, ताई," पिराजी म्हणाला.