बांधापलीकडचे चेंडू

“मारता येतंय का तुला?” गजराबाईंनी विचारलं.

कुलदीप बांधावर उकिडवा बसला होता. समोर टोपली, टोपलीत पन्नासेक गोल्फचे चेंडू. खरं बोलावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

“न्हाय आजी,” तो शेवटी म्हणाला. “आजवर त्याची काठी बी हातात धरली न्हाय. आन् अर्ध्या तासात सुभेदारांसंगं खेळायचंय.”

अर्ध्या तासात त्याच्या लग्नाचा निकाल लागणार होता. सुभेदार अण्णाराव म्हणजे शिवांजलीचे वडील. फौजेत असताना छावणीच्या गोल्फ मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती. निवृत्त होऊन अणदूरला आले ते हा खेळ सोबत घेऊनच. आपल्या खडकाळ माळावर त्यांनी तीन खड्डे खणले, तीन झेंडे रोवले. रविवारी चार निवृत्त साहेब गाडी करून खेळायला येत. आणि पोरीला मागणी घालणाऱ्या प्रत्येकाला सुभेदार आधी एकट्याला तिथं उभं करत. माणूस खेळताना कळतो, असं त्यांचं म्हणणं. आतापर्यंत दोन स्थळं अशी कळली होती आणि चहा पिऊन परत गेली होती.

शिवांजली आणि कुलदीप तुळजापुरात एकाच बँकेत होते. दोन वर्षं एकमेकांचे डबे खात होते. “आबा नाही म्हणाले तर नाही,” असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं आणि सांगून रडलीही होती. तरी आज आपल्या सास्तूर गावाहून येताना कुलदीप मोटारसायकलवर तीनदा एकटाच हसला होता. भीती वाटायला हवी होती, पण पोटात गुदगुल्याच होत होत्या. प्रेमात माणसाची अक्कल अशीच रजेवर जाते.

चेंडू ज्याचा त्यानं आणायचा, असा माळावरचा नियम. कुलदीपनं आठवडाभर मोबाईलवर चेंडू पाहिले आणि किमती वाचून मोबाईल खिशात ठेवला. मग अणदुरात कुणीतरी गजराबाईंचं नाव सांगितलं. त्यांचं रान माळाला लागूनच. बांध ओलांडून आलेला चेंडू गजराबाईंचा, हे तिथं ठरून गेलं होतं.

त्यानं टोपलीतला सगळ्यात चकचकीत चेंडू उचलला. “हा द्या. भारी दिसतोय.”

“ठिव खाली. त्याची साल मऊ हाय. ज्याच्या हातात कसब, त्याचा तो. तू मारलास तर दगडावर सोलून निघंल, न्हायतर गिरक्या घेत माझ्या जोंधळ्यात यील.”

“तुमाला कसं कळतं आजी?”

गजराबाईंनी कमरेची गोफण दाखवली. पन्नास वर्षं त्या मचाणावर बसून जोंधळ्यावरची पाखरं उडवत होत्या. “नव्या हाताला गोल, टणक आन् फुकटचा खडा द्यावा. हरवला तरी जीव जळत न्हाय. जीव जळाय लागला की हात वाकडा पडतो.” त्यांनी टोपलीच्या तळातून एक खरचटलेला चेंडू काढला. त्यावर तीन निळे ठिपके होते. “हा घे. टणक हाय, सरळ जातो. वीस रुपय दे. असले लई हायत माझ्याकडं. ह्यो ज्याचा हाय, त्याला बी तुझ्याइतकंच येतं.”

“कुणाचा हाय?”

“पाखरं आली बघ,” म्हणत गजराबाई मचाणाकडे निघाल्या.

माळावर सुभेदार कडक इस्त्रीची पँट घालून उभे होते. लिंबाखाली शिवांजली आणि तिची आई मथुराबाई. शिवांजलीनं ओढणीचं टोक चावून चावून ओलं केलं होतं. तिच्याकडे बघून कुलदीपला पुन्हा हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

“तीन वर्षांत माझा एक चेंडू बांधापलीकडं गेलेला न्हाय, साहेबांना बी मी हेच सांगतो,” सुभेदार म्हणाले. “नजर, मनगट आन् शिस्त. मांडा तुमचा चेंडू.”

कुलदीपनं मांडला. सुभेदार वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

“कुठनं आणला?”

“गजराआजींकडून.” कुलदीपनं ठरवलं, आता खरंच सांगायचं. “मला खेळता येत न्हाय, सुभेदारसाहेब. आजी म्हणाल्या, मग हाच बरा. हा ज्याचा आहे, त्याला पण माझ्याइतकंच येतं म्हणे.”

मग मथुराबाई पुढं आल्या आणि चेंडू न्याहाळू लागल्या. “अवो, हे ठिपके तर तुमीच ओसरीवर बसून काढता...” हसू दाबायला त्यांनी पदर तोंडात कोंबला. शिवांजली लिंबाच्या बुंध्याशी खालीच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

कुलदीपच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. पायाखालचा माळ सरकला. दोन वर्षांचे डबे डोळ्यांसमोरून गेले. संपलं सगळं, त्याला वाटलं, आणि तेही वीस रुपयांत.

“किती हायत तिच्याकडं असले?” सुभेदारांनी हळूच विचारलं.

“लई हायत म्हणाल्या.” खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

तेवढ्यात उतारावर गाडीची दारं वाजली. चारही साहेब पिशव्या खांद्याला लावून वर येऊ लागले. सुभेदारांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कुलदीपकडे. मग चेंडू चटकन उचलून खिशात टाकला आणि कुलदीपच्या खांद्यावर हात ठेवला.

“घरातली गोष्ट घरातच ऱ्हावी, जावईबापू.”